विक्रमच्या नावाखाली

"विक्रमराव कुठं भेटतील हो?"

प्रश्न आला आणि पाठोपाठ धक्काही. शिरूर स्टँडसमोरच्या ऑफिसच्या जिन्यात हर्षदाच्या हातातला चहा निम्मा त्या तरुणाच्या शर्टावर सांडला. बाई गं... पण तो हसला! हा दौंडच्या ऑफिसचा रविराज, कंपनीचा सर्व्हर सांभाळणारा. डेअऱ्यांचं ॲप बनवणारी छोटीशी कंपनी. फोनवर नावं ऐकून ठाऊक, तोंडं मात्र आजच दिसत होती.

"ते दिवाळीतच पुण्याच्या ऑफिसला गेले," हर्षदा म्हणाली.

"मग इथनं रोज त्यांच्या नावानं सर्व्हरवर काम कोण चढवतंय?"

"मी, हर्षदा."

विक्रमचा कॉम्प्युटर तिच्या वाट्याला आला होता आणि त्याचं नाव-पासवर्ड आत तसंच राहिलं होतं. चालतंय ना, मग कशाला हात लावा! आळस तिचाच. पण सकाळी सर्व्हरचा पत्ता बदलला आणि कॉम्प्युटर पावलोपावली पासवर्ड मागू लागला.

रविराजचं हसू मावळलं. "मालकांनी सर्व्हरवर बघितलं. तुमच्या नावावर कायच काम न्हाई. उद्यापासनं तुम्हाला... येऊ नका म्हणणारेत."

हर्षदा तडक जिना चढून आपल्या कॉम्प्युटरपाशी गेली, रविराज मागोमाग. मेंढरांमागं रानोमाळ हिंडलेल्या हरिबाची लेक ती, अशी थोडीच बसून राहणार!

"ॲपात दुधाच्या फॅटचा दर चुकतोय, ते मी दुरुस्त केलंय. संध्याकाळच्या दुधाआधी चढवायचंय. ते माझ्या नावानं जाणार."

"विक्रमला फोन लावू? पासवर्ड देईल, झटक्यात होईल."

"व्हय, आन् नाव परत त्याचंच!"

त्यानं कीबोर्डकडं हात नेला. तिनं कीबोर्ड स्वतःकडं ओढला. "तुम्ही नुसतं सांगा. करते मी."

जुन्या पत्त्यासाठी जपलेला पासवर्ड तिनं पुसला. नवा पत्ता घातला, कामापुढं आपलं नाव घातलं. काम चढवायला गेली, तर पुन्हा तोच प्रश्न... पासवर्ड? तिनं आपला टाकला. नकार. पुन्हा टाकला. पुन्हा नकार!

"माझ्या खात्यातनं चढवू?" रविराज हळूच म्हणाला. "माझं नाव काय वाईट न्हाई..."

"न्हाईच वाईट. पण माझं जास्त चांगलं हाय."

तो खळखळून हसला. हसताना त्याच्या गालाला खळी पडते, हे तिनं पाहिलं आणि चटकन नजर स्क्रीनवर वळवली. आणि थबकली.

"थांबा! जुना पत्ता बदलताना मी शेवट तेवढा बदलला. पत्त्याच्या सुरुवातीला विक्रमचं नाव चिकटलेलंच राहिलं. पासवर्ड माझा आन् नाव त्याचं, कसं उघडंल?"

"अगं बाई... म्हंजी, अहो!" रविराज पुढं वाकला.

तिनं ते नाव खोडलं. पासवर्ड टाकला. काम गेलं! पुन्हा करून पाहिलं, तर आता कुणी काही विचारलंच नाही.

थोड्या वेळानं रविराजचा मोबाइल वाजला. मालक होते; त्यानं स्पीकर लावला. "फॅटचा दर बरोबर आला. पण हे काम हर्षदाच्या नावावर कसं?"

हर्षदानं फोन त्याच्या हातातून घेतला. "मीच केलंय साहेब. आन् दिवाळीपासनं विक्रमरावांच्या नावानं शिरूरहून आलेलं कामबी माझंच. चूक झाली, नाव बदलायचं राहिलं."

"तरीच! पुण्यात दिवसभर गिऱ्हाइकांशी बोलून हा विक्रम एवढं काम करतो कधी, याचंच मला कोडं पडलं होतं. तुम्ही कुठं जायचं नाही. शिरूरचं काम तुमच्याकडंच."

फोन ठेवला तेव्हा तिचे डोळे भरून आले होते.

"खरं सांगू?" रविराज म्हणाला. "हे सगळं फोनवरबी सांगता आलं असतं. मी विक्रमला भेटायला आलतो. एवढं नेटकं काम करणाऱ्या माणसाशी दोस्ती करावी म्हणून..."

"आन् आता?"

"आता... दोस्तीवर भागंल असं वाटत न्हाई."

तो तिला आवडला होता, आणि ते लपवावं असंही तिला वाटेना. "रविवारी मी दौंडला येते."

"तुम्ही कशाला? मी येतो की!"

"येते म्हटलं ना मी!"

खाली दौंडच्या गाडीचा हॉर्न वाजला. रविराज जागचा हलला नाही, आणि हर्षदानंही त्याला जा म्हटलं नाही.