कापलेले वीस सेकंद

मिरजेबाहेरच्या माळावरील चित्तविज्ञान प्रयोगशाळेत डॉ. वृंदा केळुसकर सकाळपासून एकाच आलेखाकडे बघत बसली होती. काचेपलीकडच्या खोलीत तिचे वडील, अप्पा, डोक्यावर संवेदक लावून खुर्चीत बसले होते. एकोणीस दिवस ते स्वतःहून एक शब्द बोलले नव्हते.

"पहिल्यापासून सांग," संख्याशास्त्रज्ञ रेहाना मुजावर म्हणाली. "मी कालच आलेय, मला अगदी अडाणी समज."

"दोनशे बारा माणसं. नमाज पढणारे, जपमाळ ओढणाऱ्या नन्स, सामायिकाच्या ध्यानाला बसणारे जैन, विपश्यनेचे साधक, रोज पूजा करणाऱ्या बायका. देव वेगळे, काहींना तर देवच नाही. पण ऐन भरात सगळ्यांच्या मेंदूत एकच गोष्ट घडते. सीमाकेंद्र मंदावतं."

"म्हणजे?"

"आपण कुठे संपतो आणि जग कुठे सुरू होतं, ते ठरवणारा भाग. ती रेघ पुसट झाली की भीतीला, दुःखाला धरायला जागाच उरत नाही. आमचा शांतिपट्टा तेच करतो. चाळीस वर्षांची साधना आठ मिनिटांत."

रेहानाने चहाचा घोट घेतला आणि तिची जीभ पोळली. वृंदाने ओठ आवळले.

नियमाप्रमाणे पट्टा तिने आधी स्वतःच्याच डोक्याला बांधला होता, चार वेळा. आई गेल्यापासून छातीवर बसलेलं ओझं हलकं झालं, तेव्हाच तिने तो अप्पांना दिला. "शेवटी बसवलंस मला डोळे मिटून!" अप्पा म्हणाले होते. "तुझी आई असती तर पेढे वाटले असते तिने."

अप्पा शांत झाले ते झालेच. वृंदाने घास घेतला की तेही घेत. ती रडली की रडत. काल तर त्यांचा हात तापलेल्या तव्यावर टेकला होता आणि तो कुणाचा, हेच त्यांना उमगलं नव्हतं.

"प्रत्येक नोंदीतले शेवटचे वीस सेकंद गायब आहेत," रेहाना म्हणाली.

"तेव्हा डोकं हलतं. नुसता गोंगाट येतो. मीच कापलेत."

रेहानाने कप खाली ठेवला. "अगं बाई, तो सलाम आहे! नमाज संपताना आम्ही आधी उजवीकडे मान वळवतो, मग डावीकडे. तुझी आई आरती झाल्यावर काय करायची?"

"स्वतःभोवती फिरायची," वृंदा म्हणाली आणि संगणकाकडे वळली.

मूळ नोंदी त्यांनी काढल्या. दोनशे बाराच्या दोनशे बारा जणांचं सीमाकेंद्र त्या वीस सेकंदांत पुन्हा उजळत होतं. प्रत्येक धर्माने जायच्या वाटेबरोबर परतीची वाटही घालून दिली होती. पट्ट्याला फक्त जाणं माहीत होतं.

"अप्पांकडूनही असा समारोप करून घेऊ," रेहाना म्हणाली. "पण उसनी खूण चालायची नाही. वर्षानुवर्षं अंगात मुरलेली हवी."

"अप्पांनी जन्मात हात जोडले नाहीत गं. आम्ही देवळात गेलो की ते बाहेर चपला राखत बसायचे."

"पण कशात तरी बुडून जात असतीलच ना? त्यातून बाहेर कसे यायचे?"

वृंदा उठली. तळघरातला जुना फळा तिने अप्पांच्या खोलीत ओढून आणला. त्यावर एक गणित पूर्ण सोडवलं आणि अप्पांच्या हातात डस्टर दिलं. चौतीस वर्षं त्यांनी शाळेत गणित शिकवलं होतं.

अप्पा बराच वेळ फळ्याकडे बघत राहिले. मग उठून त्यांनी तो वरपासून खालपर्यंत पुसला, डस्टर ठेवलं आणि खडूची धूळ झटकायला तळहात दोनदा एकमेकांवर आपटले.

काचेपलीकडे आलेखातली रेघ उसळली.

"वृंदे," अप्पा म्हणाले, "किती वाळलीस गं."

रेहाना धावत आत आली. ती हसत होती. मग तिचं लक्ष वृंदाच्या हातांकडे गेलं.

"तू का झटकलेस?"

वृंदाने खाली पाहिलं. तिचे तळहात एकमेकांना चिकटले होते. फळा तर तिने पुसलाच नव्हता.

"पट्टा तूही बांधला होतास ना? जेवताना घास आधी कोण घेतं?" रेहानाने हळूच विचारलं. "तू की ते?"

वृंदाला आठवेना.

"बरं, काम संपलं की तू काय करतेस? अगदी शेवटी?"

तिचं काम कधी संपतच नसे. संगणक चालू ठेवून ती खुर्चीतच झोपून जाई.

अप्पांचा चेहरा पांढरा पडत गेला. वृंदाच्या छातीत धडधडू लागलं. त्या खोलीत कुणीतरी फार घाबरलं होतं. कोण, ते तिला कळेना.