आतील व्यक्ती : एक

सुज्ञ वाचकहो, पुढील ओळींत मी जे निवेदन करणार आहे, ते कल्पनेने रचलेले नाही. ते माझी सख्खी भाची स्नेहल हिच्या बाबतीत प्रत्यक्ष घडले आहे. अशा घटना अमावास्येच्या रात्री, ओसाड विहिरीपाशी घडतात असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. ही घटना मात्र गेल्या वर्षीच्या मे महिन्यात, भर दुपारी, विजेच्या लख्ख प्रकाशात घडली.

स्थळ, आपल्या नगरच्या एमआयडीसीतील एक मोठी कंपनी. तिचे नाव मी लिहिणार नाही, कारण स्नेहलची भाकरी आजही तिथेच आहे.

स्नेहल मिरजगावची. डिप्लोमा पूर्ण करून ती त्या कंपनीत सायबर सुरक्षेची अप्रेंटिस म्हणून लागली आणि भिंगारमध्ये खोली घेऊन राहू लागली. कुलूप न तोडता संगणकाच्या वाटेने शिरणाऱ्या चोरावर पहारा ठेवायचा, असे ते काम. कोणाचे कार्ड कोणते दार उघडते, कोण आत आहे, कोण बाहेर, हेही तिच्याच पडद्यावर दिसे.

पहिल्याच दिवशी तिचे वरिष्ठ हर्षल सर यांनी तिला बजावले होते.

"आपल्या कार्डावर दुसऱ्याला आत घ्यायचं नाही. सख्खी आई मागे असली, तरी तोंडावर दार लावायचं."

नियम तिला पाठ होता. पण...

खेड्यातल्या घरात वाढलेली पोर ती. वडीलधारे माणूस दोन्ही हातांत ओझे घेऊन मागे उभे असता, त्याच्या तोंडावर दार कसे लोटणार?

त्या दिवशी कारखान्याला साप्ताहिक सुट्टी होती. यंत्रांची घरघर नाही. कॅन्टीनमध्ये भांड्यांचा आवाज नाही. कंपनीचे सर्व मोठे संगणक ज्या बंद, गार खोलीत असतात, त्या सर्व्हर रूममध्ये दुपारी आग विझवणाऱ्या वायूची चाचणी होती.

हा वायू आगीचा श्वास कोंडतो. आत माणूस असेल, तर त्याचाही.

म्हणूनच पडद्यावर 'आतील व्यक्ती : शून्य' असे आल्याखेरीज वायूची कळ दबतच नसे.

सकाळी स्नेहल काही तपासण्यासाठी त्या खोलीत निघाली. मागे लंकाबाई उभ्या होत्या. ठेकेदाराकडे नुकत्याच लागलेल्या सफाई कामगार. एका हातात पिवळी बादली, दुसऱ्यात फडके.

"घे की गं आत, पोरी. ठेकेदार कार्ड द्यायला नुसता झुलवतोय मला."

"या मावशी. पण पुसून झालं की लगेच निघा हं."

"व्हय, व्हय. लई गार हाय गं हितं! आमच्या पत्र्याखाली निस्ती भट्टी."

इतक्यात फोन आला आणि स्नेहल घाईने बाहेर पडली. त्या दारातून बाहेर येण्यासाठीही कार्ड लागते, हे त्या गडबडीत तिच्या ध्यानातून निसटले. पुढे तिला वाटले, मावशी केव्हाच गेल्या असतील.

तिला त्या दिवशी आणखी एक काम होते. कंपनीत जे उरले नाहीत, त्यांच्या कार्डांची खाती बंद करायची. त्यात एक नाव होते, सुनील.

सुनील म्हणजे सर्व्हर रूमच्या दारावरचा खाकी वर्दीतला पहारेकरी. थंडीच्या दिवसांत रस्त्यावरील अपघातात वारला. त्याची एक रीत होती. दार बंद करण्यापूर्वी तो चौकटीवर बोटाने दोनदा वाजवी आणि हाक देई, "कोन हाय का आत?" पोरे त्याची थट्टा करीत. "सुनीलदादा, संगणकाला चहा विचारताय का?" तो हसे. पण वाजवल्यावाचून त्याने दार कधी लावले नाही.

स्नेहलने त्याचे खाते बंद केले. मन थोडे जड झाले, इतकेच.

दुपारी हर्षल सर नियंत्रण कक्षात येऊन बसले. त्यांनी कळीकडे हात नेला. स्नेहलने पडद्याकडे पाहिले...

आतील व्यक्ती : एक.

नाव : सुनील.

"हे काय, स्नेहल? मेलेल्या माणसाची हजेरी लावतेस?"

"सर, मी सकाळीच बंद केलं होतं."

"मग नीट कर बंद."

तिने पुन्हा खाते बंद केले. आकडा शून्यावर आला. सरांचे बोट कळीवर टेकणार, तोच...

टक्. टक्.

बाहेरच्या रिकाम्या वाटेवरून आवाज आला.

"एसीचा पाइप असेल," सर म्हणाले. पण त्यांनी बोट मागे घेतले होते.

पडद्यावर पुन्हा... एक.

आता सर चिडले. "हे बघ, तुला कायम करायची शिफारस मीच करायची आहे. चाचणी का झाली नाही म्हणून वर विचारलं, तर काय सांगू? भूत आत बसलंय म्हणून? टाक पुसून ते नाव. शेवटचं सांगतो."

स्नेहलचे बोट बटणावर आले.

खोलीत कमालीची शांतता होती. आणि त्या शांततेत, अगदी तिच्या कानाशी...

"कोन हाय का आत?"

सरांना काहीच ऐकू आले नव्हते. ते घड्याळ पाहत होते.

स्नेहलच्या डोळ्यांपुढे पिवळी बादली उभी राहिली. सकाळपासून ती बादली तिने कुठेच पाहिली नव्हती.

"सर, कळ दाबू नका! मी सकाळी लंकामावशींना माझ्या कार्डावर आत घेतलंय."

"कुणाला विचारून?"

"कुणालाच नाही."

बोलली ती, आणि आपली नोकरी आपल्याच तोंडाने घालवली हेही तिला त्याच क्षणी कळले. पण पाय थांबले नाहीत. ती धावत गेली. दार उघडले.

शेवटच्या कपाटामागे लंकाबाई डोक्यावरून पदर घेऊन, गारठून बसल्या होत्या.

"आलीस व्हय, माझी बाय? लई वाजवलं दार. कुनाला ऐकूच जाईना. मंग त्या दादानं धीर दिला बघ."

"कोणत्या दादानं, मावशी?"

"त्यो खाकीवाला. काचंपल्याड उभा हुता की! म्हनला, मावशी, बसून ऱ्हावा. मी आकडा हलू देत न्हाई."

स्नेहलने मागे वळून पाहिले. वाट रिकामी होती.

हर्षल सरांनी कॅमेऱ्यातील चित्रण पुन्हा पुन्हा पाहिले. दारातल्या काचेपलीकडे कोणीही नव्हते. लंकाबाई मात्र मान वर करून, कोणाशी तरी बोलत होत्या...

सरांनी ते खाते शेवटी स्वतःच्या हाताने बंद केले. आकडा शून्य झाला आणि शून्यच राहिला. लंकाबाईंना कार्ड मिळाले. स्नेहलची चूक वर कळवली गेली आणि तिचे कायम होणे लांबले.

वाचकहो, इथे थांबता आले असते, तर मला बरे वाटले असते.

दिवाळीत मी फराळाचे डबे घेऊन भिंगारला तिच्या खोलीवर गेलो. मी आत आलो. स्नेहल मात्र दार धरून तशीच उभी राहिली.

"काय गं, कोन येतंय का मागनं?"

"न्हाई मामा. पण कंपनीतून निघताना मी कार्ड एकदाच लावते... आणि दार दोन माणसं जातील इतका वेळ उघडं राहतं."

मी हसलो. "मशीनच बिघडलं असंल तुमचं."

ती हसली नाही. क्षणभर वाट पाहून तिने दार ओढून घेतले. आणि बाहेरून, चौकटीवर...

टक्. टक्.

माझ्या हातातला डबा हातातच राहिला. स्नेहलच्या चेहऱ्यावर मात्र भीती नव्हती. वडीलधाऱ्याला उत्तर द्यावे, तशा हळू आवाजात ती दाराकडे पाहून म्हणाली,

"आम्ही दोघंच आहोत, दादा. लावते मी दार."

मग तिने कडी घातली आणि चहा ठेवला.

त्याने राखण केली, हे मी मान्य करतो. परंतु ज्याची राखण संपतच नाही, त्याला उपकारकर्ता म्हणावे की आणखी काही, हे मला आजतागायत उमगलेले नाही. रात्री माझ्या घराचे दार लावताना माझा हात चौकटीपाशी थबकतो. वाजवावेसे वाटते. वाजवत नाही. बाहेरून कोणी 'ओ' दिली तर...

आपण हे निवेदन शेवटपर्यंत वाचलेत, याबद्दल मी आपला अंतःकरणपूर्वक ऋणी आहे.

आपला नम्र,
अजिनाथ कोरडे, मिरजगाव