खोबरेलाची बाटली आणि अशक्य रक्त

"हे रक्त शक्यच नाही," वैद्यबुवा म्हणाले आणि त्यांच्या कपाळावरचा पिवळा दिवा लुकलुकू लागला.

इराला हसू आलं. रक्त तर आत्ताच तिच्या दंडातून काढलं होतं. मग शक्य नाही म्हणजे काय?

वैद्यबुवा म्हणजे लडाखच्या पठारावरच्या वेधशाळेतला आरोग्य-रोबो. नाव इराच्या बाबांनी ठेवलेलं. हिवाळ्यात इथे डॉक्टर नसत, म्हणून वसाहतीतल्या सगळ्यांची नाडी त्यांच्याच हाती.

"लाल पेशी फारच थोड्या आणि एकेक पेशी भलतीच मोठी. माणसाचं रक्त असं नसतं. नमुना खराब झालाय, टाकून देतो. छाती मात्र स्वच्छ आहे, खोकला गेला. संध्याकाळी गच्चीवर जायला हरकत नाही."

इरा टुणकन उठली. आज नवी दुर्बीण पहिल्यांदा आकाश बघणार होती, आणि बटण दाबायचा मान वसाहतीतल्या सगळ्यात लहान माणसाचा, म्हणजे दहा वर्षांच्या इराचा होता! गच्चीवर उणे वीस अंश असले म्हणून काय झालं?

"हरकत नाही कशी?" आई म्हणाली. "ओठ बघा तिचे, पांढरेफटक. दोन पायऱ्या चढली की धापा टाकते. काल बर्फात खेळून आली तर बोटं जांभळी, आणि आज सकाळी लघवी अगदी कोऱ्या चहासारखी."

"आई गं! सगळ्यांना काय सांगतेस!"

"ताई, काळजीने आकडे बदलत नाहीत," वैद्यबुवा म्हणाले.

"वा! अशक्य आकडे तुमचे आणि खोटी काळजी माझी का?"

वैद्यबुवांनी नळी कचऱ्याच्या डब्यावर धरली. "थांबा ना, मला बघू द्या," म्हणत इराने ती उजेडात धरली. तपासणीची खोली बर्फासारखी गार होती. नळीच्या काचेला आतून लाल रव्यासारखे कण चिकटले होते. इराला एकदम रविवारची आठवण झाली. न्हाणं असलं की आई खोबरेलाची बाटली हलवायची, तेल दगड झालेलं असायचं. मग बाटली गरम पाण्यात उभी करायची आणि बघता बघता तेल सुटायचं.

"हे थिजलंय. गरम करू या."

"थिजतं ते तेल. रक्ताची गुठळी ऊब देऊन सुटत नसते. शिवाय गुठळी होऊ नये म्हणून नळीत औषध घातलेलं आहे."

"आणि सुटली तर?"

"तर ती गुठळी नव्हे."

आईने पेला भरून पाणी आणलं. "कोमटच हं, कढत नको." बंद नळी पाण्यात उभी राहिली. थोड्या वेळाने कण दिसेनासे झाले! इराने ती खिडकीच्या गार काचेला टेकवली, तर कण परत हजर. आणि नळी धरलेली तिची बोटं? तीही जांभळी पडू लागली होती.

"वैद्यबुवा, माझ्या बोटांतही असंच होतंय का?"

कपाळावरचा दिवा हिरवा झाला. वैद्यबुवांनी ऊब दिलेलं रक्त पुन्हा मोजलं. "पेशींचा आकार नेहमीचाच आहे. गठ्ठ्याने चिकटल्या, म्हणून मी एका गठ्ठ्याला एक पेशी समजलो. पण पेशी खरोखरच कमी आहेत. इरा, खोकल्याच्या वेळी तुझ्या घशात मायकोप्लाझ्मा (पेशीभोवती भिंत नसलेला फार छोटा जिवाणू) सापडला होता. त्याला धरायला शरीराने प्रतिपिंडं (जंतूंना पकडणारे रेणू) तयार केली. त्यातली काही चुकून तुझ्याच लाल पेशींना पकडतात, तेही गारठ्यात. ऊब मिळाली की पकड सुटते. पण पेशीवर खूण राहून जाते, आणि खूण असलेल्या पेशी शरीर मोडून टाकतं. त्यांचाच रंग लघवीत उतरतो."

"म्हणजे खोकला छातीत आणि गोंधळ रक्तात?"

"हो. कुणाच्या अंगावर पुरळ उठतं, कुणाचे सांधे दुखतात. क्वचित हृदयाला किंवा मेंदूलाही सूज येते. मी मात्र छातीच बघत बसलो."

"खोकला गेला, तरी लेकरावरची नजर हटवायची नाही ती याचसाठी," आई म्हणाली. "बरी होईल ना ती?"

"बहुतेक मुलं काही आठवड्यांत बरी होतात. पण पेशी कमी झाल्यात, तेव्हा लेहच्या डॉक्टरांनी आजच बघायला हवं. तोवर औषधाइतकीच ऊब महत्त्वाची."

इराने स्वतःच हातमोजे चढवले. "म्हणजे गच्चीवर जायचं नाही," ती म्हणाली.

लेहला जाणारी बर्फगाडी आतून छान उबदार होती. पश्चिमेकडचे डोंगर काळे होत होते. तेवढ्यात आईच्या मनगटावरचा पडदा उजळला. गच्चीवर कुडकुडणारे बाबा दिसले.

"काय गं, बटण दाबायचा मान सोडलास की काय? आईच्या पडद्यावर पाठवलंय ते. दाब!"

इराने गोधडीतून एक गुलाबी बोट बाहेर काढलं आणि दाबलं. पडदा आधी काळा झाला, मग त्यावर इतके तारे उमटले की बाबाही बोलायचं विसरले.

"पाह्यलंत का वैद्यबुवा?" इराने मागे वळून विचारलं.

वैद्यबुवा मागच्या बाकावर खांदा आखडून ताठ बसले होते.

"मला हलता येणार नाही," ते म्हणाले. "नवा नमुना लेहला गरमच पोहोचवायचाय. काख तापवून नळी तिथे धरली आहे."