पंखाचं टोक

ही गोष्ट खरी आहे. ऐकून मला वेड्यात काढायचं असेल तर खुशाल काढा. पण माझा मामा थापा मारणाऱ्यांतला नाही. शिंपीकाम करणारा, भुताच्या गोष्टींवर खो खो हसणारा साधा माणूस. थंडीतल्या एका शनिवारी, दिवेलागणीला, माझ्या मावशीच्या गॅरेजमध्ये हे त्याच्यासोबत घडलं.

मावशीच्या नवऱ्याला, म्हणजे काकांना, विमानाचं वेड. दोन माणसांचं छोटं विमान त्यांनी घरीच बांधलं होतं. गॅरेज अरुंद, म्हणून पंख काढता-घालता येणारे. मैदानावर न्यायचं, पंख जोडायचे, उडायचं, पुन्हा पंख काढून घरी आणायचं.

जोडायला दोघं लागत. मावशी टोकाशी उभी राहून दोन्ही हातांनी पंख डोक्यावर तोलून धरी. काका दुसऱ्या टोकाला, विमानापाशी वाकून, जाड लोखंडी पिन भोकात बसवत. "जरा वर... किंचित खाली..." पिन बसेपर्यंत मावशीने हलायचं नाही.

"आमचा संसार असाच," ती हसून म्हणायची. "हे वाकलेले आणि मी हात वर करून शरण!"

एकदा मावशी तापाने फणफणली होती. काका एकटेच गेले. टोकाखाली लाकडी घोडी लावून त्यांनी पंख जोडला. एक पिन अर्धीच बसली होती, असं नंतर कळलं.

पंख हवेत निखळला.

काका गेले. विमानाचा चुरा भंगारात गेला. गॅरेज रिकामं झालं.

काही दिवसांनी शेजारणीचा मामाला फोन आला. "तुमची ताई रोज गॅरेजमध्ये उभी असते. खात नाही, पीत नाही. तुम्ही याच."

मामा पोचला तेव्हा अंधारून आलं होतं. घरात दिवा नाही. मागे गॅरेजचं दार सताड उघडं...

दारात मावशी उभी होती.

दोन्ही हात डोक्यावर. तळवे वर. हातात काहीच नाही.

अंगाची नुसती काडी झाली होती. दंड थरथरत होते.

"ताई, हात खाली घे."

"नाही रे. त्यांची पिन बसत नाहीये."

मामा तिच्याजवळ गेला. "ताई... भाऊजी गेले गं."

"माहीत आहे मला. तेव्हा धरायला मी नव्हते. आता सोडलं तर पुन्हा पडतील."

वाद घालून उपयोग नाही, हे मामाने ओळखलं. "बरं, मी धरतो. तू दोन घास खा आणि पड जरा." लहान मुलाची समजूत काढावी तसा तो शेजारी उभा राहिला आणि त्याने हात वर केले.

मावशीने आपले हात काढले.

आणि...

मामाच्या तळव्यांवर वजन आलं.

थंडगार. पत्र्याचं. खरंखुरं.

त्याने वर पाहिलं. काही नव्हतं. फक्त गॅरेजच्या आतल्या अंधारात... ठक. ठक. कुणीतरी लोखंडावर हलकेच ठोकत होतं. धापा टाकत होतं. मग ओळखीचा, दमलेला आवाज...

"जरा वर..."

मामाला पळून जावंसं वाटलं. पण हात आपोआप जरा वर गेले. मावशी घरात जाऊन आडवी झाली. कित्येक दिवसांनी तिने पाठ टेकली होती.

ठक... ठक...

पिन बसेना. मामाचे खांदे भरून आले, बोटं बधिर झाली. "भाऊजी, आटपा हो!" तो रडकुंडीला आला. "ताई! ए ताई!" मावशीला गाढ झोप लागली होती.

"किंचित खाली..."

मामाने दात आवळले. जिवाच्या आकांताने धरून ठेवलं.

शेवटी हात गळून पडले.

आधी पत्रा आपटल्याचा प्रचंड आवाज. मग एक आखूड किंकाळी. मग काहीच नाही... ठोकणंही नाही.

मावशी धावत आली. मामाचे लोंबणारे हात तिने पाहिले.

"सोडलंस?"

बोल लावला नाही. हात वर करून ती हवा चाचपत गॅरेजभर फिरली. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. हाताला काहीच लागलं नाही.

त्यानंतर तिने अंथरूण धरलं. मामाने पाया पडून विनवलं, डॉक्टर झाले, औषधं झाली. थंडी सरायच्या आत मावशी गेली.

मी मामाला एकदा विचारलं, "खरंच वजन होतं का रे? की मावशीला तसं बघून तुला भास झाला?"

त्याने शिलाई मशीन थांबवलं.

"भास असता तर मी सुटलो असतो," तो म्हणाला. "पिन बसत आली होती रे. माझ्या हातांना कळत होतं."