बुडत्या पुलावरची काचपट्टी

या मायबापहो, टाळ खाली ठेवा, सतरंजीवर जरा पुढं सरका. कीर्तनाला अजून अवकाश आहे. तोवर दोन भ्यालेल्या जिवांची गोष्ट ऐका. प्रेमाची आहे, म्हणून लाजू नका.

वालूरच्या वाटेवर नदीवर एक ठेंगणा पूल. पुरात पाण्याखाली जातो, पाणी ओसरलं की डोकं वर काढतो. म्हणून तो बुडता पूल. अंगद मेंढ्या हाकत त्यावरून चालला होता, तर खालून आवाज आला, "अहो, हळू! माती पडतीये डोळ्यात!"

वाकून बघतो तर गुडघाभर पाण्यात एक मुलगी, कपाळाला बॅटरी बांधलेली.

"पडलात का काय, मॅडम?"

"पडले नाही. पुलाचं दुखणं बघायलेय."

"मग... नाडी घावली का?"

ती खुदकन हसली, आणि अंगदच्या हातातली काठी सुटून थेट पाण्यात!

ती मैथिली, परभणीच्या मास्तरांची लेक. पाण्याखाली जाणाऱ्या पुलांना तडे कसे पडतात, कसे वाढतात, हे तिचं संशोधन. तुळईतल्या तड्यावर तिनं आडवी काचपट्टी चिकटवली, वर काळ्या पेनानं तारीख घातली.

"तडा केसभर जरी सरकला, तरी काच फुटणार."

"आन् फुटली तर?"

"पूल बंद. माझं इथलं काम संपलं."

"न्हाई फुटली तर?"

"दर बेस्तरवारी येईन. बघायला."

"पुलाला?"

"मग कुणाला?" म्हणाली खरी, पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

असे सात बेस्तरवार गेले. उरलेल्या पट्ट्या ती अंगदच्या आखाड्यावरच, म्हणजे शेतातल्या खोपीत, ठेवून जाई. त्याची आई अंबाबाई तिला धपाटे बांधून देई, अन् लेकाकडं बघून गालात हसे.

आठव्या आठवड्यात धरणाचं पाणी सुटलं, पूल बुडाला, वर आला. अंगद खाली उतरला... काच मधोमध दुभंगलेली.

आता ती येणार नाही, एवढंच त्याला सुचलं. त्यानं आखाड्यावरून नवी पट्टी आणली, चिकटवली, तिच्याच वळणात जुनी तारीख घातली. मैथिली आली, बघून म्हणाली, "गुणाचा आहे हो तुमचा पूल!" अंगदला मान वर करता आली नाही.

भीती तिथून सुरू झाली. मेंढ्या तो लांबच्या उतारानं नेऊ लागला. कुणाची गाडी पुलावर चढली की हातातला घास हातातच राही. मेंढ्यांना वाचवलं, माणसांना मात्र सांगितलं नाही! तेरा दिवस गेले असे.

चौदाव्या दिवशी पलीकडं सप्त्याचा काला. दत्तरावच्या ट्रॅक्टरमागं ट्रॉली, ट्रॉलीत पंचवीस बाया, त्यात अंबाबाई. मैथिलीनं ट्रॅक्टर काठावरच थांबवला, खाली जाऊन काच बघून वर आली.

"सोडा की, मॅडम! काल्याचं कीर्तन उभं राहिलं!" दत्तराव ओरडला.

"काच शाबूत आहे. या, सावकाश—"

ट्रॅक्टरची पुढची चाकं पुलावर आली. सांगितलं तर ही कायमची जाणार. न सांगितलं तर...

तो चाकांपुढं आडवा झाला.

"काच खोटी हाय! खरी फुटली. तेरा दिस झाले. म्या बदलली!"

मैथिली पांढरीफटक. "का?"

"फुटल्यावर तुमी येणार न्हाईत म्हणून... लय जीव जडलाय, मॅडम. आता काय बी म्हणा."

"येडं झालंय हे! हो बाजूला!" दत्तरावनं हॉर्न दाबला. बायांत खसखस पिकली, कुणी शिव्या घातल्या. अंबाबाईनं मात्र लेकाचं तोंड बघितलं, पदर खोचला आणि ट्रॉलीतून पहिला पाय खाली टाकला. मग एकेक करत साऱ्याच उतरल्या.

ट्रॅक्टर मागं सरला. मैथिलीनं खाली उतरून तड्यात बोट घातलं. पेरभर आत गेलं. हसणाऱ्या बायांनी हात जोडले.

पलीकडं कीर्तनाला उभ्या बन्सीधर महाराजांना कळलं तसा त्यांनी भोंगा नदीकडं वळवला. अलीकडच्या काठावर बाया बसल्या, काला पाण्यावरून ऐकू आला.

मैथिली दूर उभी.

"या बायांना काही झालं असतं, तर मी जगले नसते, अंगद."

"ठावं हाय."

"माफ करायला वेळ लागेल मला."

"लागू द्या."

तिनं डोळे पुसले. "बेस्तरवारी येईन. पुलाचं काम संपलंय, तरी. पण पुन्हा कधी लपवलंत—"

"आईची आण!"

"आईची नको. त्यांच्यामुळंच वाचलो आपण."

मायबापहो, या दोघांचं पुढं गोड झालं. पण माझं एक मागणं आहे. कुठलाही पूल ओलांडून पलीकडं पाय टेकला, की अंबाबाईची आठवण काढा. चारचौघांत लेकाची लाज निघत असताना तिनं सगळ्यांच्या आधी त्याच्यावर विश्वास ठेवला.