चांगले मणी कुठे मिळतात

तो डोळे मिटून मणी निवडत होता.

दुकान लहान, गिऱ्हाइकं दोनच – तो आणि मी. भिंतीला लावलेल्या उघड्या खणांमध्ये रंगीत मण्यांचे ढीग होते आणि तो एकेका खणात हात घालून, डोळे घट्ट मिटून, चिमटीत मणी फिरवत होता. एखादा ठेवायचा, एखादा परत टाकायचा. मी शेजारी उभी राहून ओल्या रुमालावर एक निळा मणी घासत होते, त्यामुळे त्याला वेडा म्हणायचा मला तसा काही अधिकार नव्हता. दुकानदार आमच्याकडे आळीपाळीने बघत होता. आज सकाळी कुणाचं तोंड पाहिलं, असा त्याचा चेहरा.

रुमाल निळा झाला. मी सुस्कारा सोडला, तसे त्याने डोळे उघडले.

“रंग जातोय?”

“जातोय,” मी म्हटलं. “तुमचं काय? काही ऐकू येतंय का त्यांच्यातून?”

तो हसला. त्याचे आधी डोळे हसायचे, ओठांना ती बातमी जरा उशिरा कळायची.

मग त्याने सांगितलं. तो हॉस्पिटलमध्ये हातांचे व्यायाम करून घ्यायचा. आजारपणात किंवा अपघातात ज्यांची बोटं आखडलीत, त्यांना तो मणी ओवायला द्यायचा. अशा बोटांना धार कळत नाही, कापलं तरी समजत नाही. म्हणून प्रत्येक मणी आधी स्वतःच्या बोटांनी तपासायचा, आणि डोळे उघडे असले की बोटं आळशी होतात, असं त्याचं म्हणणं. पेशंट त्याला ‘हातवाले’ म्हणत.

त्याने विचारलं नव्हतं तरी मीही माझी कथा सांगून टाकली. दादा-वहिनीच्या घरातली मागची खोली, तिथे मी माळा करते. एका नवरीने लग्नात माझी समुद्री हिरव्या मण्यांची माळ घातली. दिवस उकाड्याचा. संध्याकाळपर्यंत हिरवा रंग घामाबरोबर उतरला आणि तिच्या पांढऱ्याशुभ्र पोशाखाच्या गळ्यावर पसरला. दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. ती भांडली असती तर बरं झालं असतं… ती नुसती रडत होती. तिला मी नवी माळ कबूल केली होती. पण ज्या दुकानातून ते मणी घेतले, तोच माल सगळीकडे दिसत होता. ऑर्डरी थांबल्या होत्या. दादा म्हणत होता, पुरे झालं आता, माझ्या ऑफिसात जागा आहे, ये. मी त्याच्याकडून थोडी मुदत मागून घेतली होती.

हातवाल्यांनी सगळं शांतपणे ऐकलं. मग हातातले मणी खणात टाकून म्हणाले, “इथे आपल्या दोघांच्याही कामाचं काही नाही. तुम्हाला डोळ्यांनी कळतं, मला बोटांनी. दोघं मिळून एक शहाणं गिऱ्हाईक होईल… चालेल?”

चाललं. शनिवारी दुपारी त्यांना सुट्टी असायची. आम्ही बाजार पालथा घालायला लागलो. शिवणसामानाच्या एका दुकानात, लेसच्या रिळांमागे, बाई जुने काचेचे मणी बिस्किटांच्या डब्यांत भरून ठेवायच्या आणि गिऱ्हाईक घाईत नाही अशी खात्री पटल्याशिवाय डबा बाहेर काढायच्या नाहीत. एक जण मोडक्या झुंबरांचे लोलक विकायचा. एका गोदामात मणी किलोवर मिळायचे आणि निम्म्यांची भोकं बुजलेली असायची. मी हातवाल्यांना मणी उजेडात धरून आतला तडा बघायला शिकवलं. भोकातून दोरा ओवून चारदा मागे-पुढे ओढायचा, दोरा विस्कटला तर भोकाला धार आहे, हेही शिकवलं. आणि त्यांनी मला डोळे मिटायला शिकवलं. मी डोळे मिटून तळहात पुढे करायचे, ते त्यावर मणी ठेवायचे. मणी थंड असायचा. त्यांची बोटं नसायची.

“मणी आणायला जाताना कानात डूल कशाला लागतात, वन्सं?” वहिनीने एका शनिवारी विचारलं. मी म्हटलं, जाहिरात होते. वहिनी म्हणाली, ते दिसतंयच.

डबेवाल्या बाईंना अखेर आमची दया आली असावी. त्यांनी पुलापलीकडच्या दोघी बहिणींचा पत्ता दिला. त्या स्वतः काचेचे मणी बनवायच्या. त्यांच्या शेडमध्ये शिरताच उष्ण झळ तोंडावर आली. थोरली ज्योतीवर काचेची कांडी फिरवत होती, कांडीच्या टोकाला मधासारखा थेंब जमत होता. धाकटी तयार मणी एका मंद भट्टीत ठेवत होती. ते तिथे रात्रभर सावकाश निवतात, असं ती म्हणाली. घाईने थंड केला तर मणी आतून तडकतो आणि बाहेरून पत्ता लागत नाही. रंग काचेतच असतो, वरून फासलेला नसतो, त्यामुळे जायचा प्रश्नच नाही. थोरलीने मान वर न करता विचारलं, कशासाठी हवेत? मी नवरीची गोष्ट सांगितली, काहीही न लपवता. तिने कांडी बाजूला ठेवली, माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, समुद्री हिरवा मी करून देईन.

परतताना मी जवळजवळ उड्या मारत होते. ते मात्र मान खाली घालून चालत होते. विचारल्यावर कळलं – त्यांच्याकडे एक पेशंट होत्या, शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. सगळे त्यांना मोठ्या बाई म्हणत. उजवा हात हलायचा, पण त्या हलवायच्या नाहीत. मी काय बालवाडीत आहे का, म्हणून त्यांनी मण्यांचा ट्रे ढकलून दिला होता. आणखी थोडे दिवस असे गेले असते तर तो हात कायमचा गेला असता.

मी म्हटलं, मला घेऊन चला.

मोठ्या बाई खिडकीशी खुर्चीत बसल्या होत्या. मी त्यांच्यापुढे व्यायामाचं नावही काढलं नाही. बहिणींकडून आलेले हिरवे मणी पुढे ठेवले, नवरीची हकीकत सांगितली आणि म्हटलं, मागची बारीक मण्यांची सर अजून ओवायची आहे, माझे दोन हात पुरत नाहीत. बाईंनी डाव्या हाताने एक मणी उचलून उजेडात धरला.

“चुकलं तर?”

“उसवून पुन्हा ओवायचं,” मी म्हटलं. “माझंही तसंच असतं.”

त्यांनी उजवा हात मांडीवरून उचलला. पहिला मणी सुईवर चढेपर्यंत चहा निवून गेला. पण चढला. पुढच्या शनिवारी वीतभर सर तयार होती, आणि मी निवडलेल्या मण्यांमध्ये दोन लहान-मोठे निघाले म्हणून मी बोलणीही खाल्ली. हातवाले तेव्हा पाठ फिरवून खिडकीबाहेर काहीतरी फार लक्षपूर्वक बघत होते. बाहेर आल्यावर त्यांनी नुसती मान हलवली. मला पोचलं ते.

माळ पुरी झाली. नवरी घरी आली, स्वतःचा रुमाल ओला करून तिने एकेक मणी घासला आणि रुमाल पांढराच राहिल्यावर माळ गळ्यात घातली. आरशासमोर खूप वेळ थांबली. मग म्हणाली, मैत्रिणींना तुमचा नंबर देऊ ना? मागची सर कुणी ओवली ते मी सांगितलं, तेव्हा तिने हात मानेमागे नेऊन ती पुन्हा एकदा चाचपली. त्या रात्री दादाने नोकरीचा विषय काढला नाही. रविवारी सकाळी हातोडी घेऊन आला आणि माझ्या खोलीत मण्यांसाठी फळी ठोकून दिली. दादा तसाच आहे.

सगळं मनासारखं झालं होतं, आणि म्हणूनच शनिवार रिकामा झाला. दोघी बहिणी मणी घरपोच पाठवत होत्या. आता बाजारात हिंडायचं कारणच उरलं नव्हतं. मी नव्या फळीसमोर बसून त्याच त्या बरण्या परत परत लावत होते. वहिनी दारातून डोकावून जायची आणि चक्क काही चिडवायची नाही, अशी माझी अवस्था होती.

आणि मग त्यांचा फोन आला. घाईघाईत म्हणाले, एक जुनं दुकान कळलंय, लाकडी मणी, फार सुबक, येता का?

गल्ली अरुंद होती. दुकान सापडलं. शटरला गंज चढलेला, कुलपावर कोळ्याचं जाळं. समोर किल्ल्या बनवणारे एक काका स्टुलावर बसले होते. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि हातवाल्यांना म्हणाले, “अहो, परवाच सांगितलं ना तुम्हाला? हे कधीच बंद झालंय.”

हातवाले कानापर्यंत लाल झाले.

“तुम्हाला माहीत होतं?” मी विचारलं.

“हो.”

“मग उघडं दुकान नाही का मिळालं एखादं?”

“मिळालं असतं. पण तिथे… तुम्ही मणी घेतले असते आणि लगेच घरी गेला असता.”

मी शटरपुढच्या पायरीवर बसले. तेही बसले, मध्ये अंतर ठेवून.

“मला तुमचे आभार मानायचे होते,” मी म्हटलं. “किती दिवस झाले. माझं काम, माझं नाव, माझी ती खोली… सगळं वाचलं. पण आभार मानले की निरोप घेतल्यासारखं वाटतं. म्हणून मानलेच नाहीत.”

“आभार मी मानायचे. मोठ्या बाई परवा स्वतःच्या हाताने सही करून घरी गेल्या.” ते थांबले. “आणि निरोप… मला नकोय. मला नीट बोलता येत नाही. पण शनिवारच नाही, बाकीचे वारही… तुम्हाला चालणार असतील तर.”

त्यांनी हात पुढे केला, तळहात वर. त्यात मणी नव्हता. मी माझा हात त्यात ठेवला. उबदार होता.

“थरथरतोय,” ते हळूच म्हणाले.

“माझा,” मी विचारलं, “की तुझा?”

तो वळून बघतच राहिला. त्या एका शब्दात माझं उत्तर आलं होतं आणि ते त्याने बरोबर ऐकलं होतं. आधी डोळे हसले. मग, सावकाश, ओठ. किल्लीवाल्या काकांनी आपलं स्टूल अलगद उचललं आणि तोंड दुसरीकडे करून बसले.