भिंतीपलीकडची अतरशिया

मेहरेझ दोर्राला पहिल्यांदा दिसला तेव्हा त्याच्या हातात कात्री होती, आणि तो तिच्याच बागेत वाकून उभा होता.

त्या आठवड्यात नाबुल गावावर वाळवंटाकडून शहिली वाऱ्याचे गरम झोत आले होते. अतरशियाची, म्हणजे सुवासिक जिरेनियमची, अर्धी झुडपं पोळली होती. एरवी ही जात मोठी चिवट. उन्हाला भीक घालत नाही, दरवर्षी फिकट गुलाबी फुलते, आणि पान चुरगळलं की गुलाबाचा वास दिवसभर बोटांना राहतो. आई गेल्यापासून दोर्राच तिला जपत होती.

“कोण तुम्ही?”

“शेजारी... नवीन. जळालेले शेंडे काढत होतो. काढले की खालून फुटतात.”

“मग हातात हिरवे कसे?”

त्याने हाताकडे पाहिलं. कान लाल झाले.

शेजारचं घर शेदली काकांचं. त्यांनीच ते मेहरेझ नावाच्या या कुंभाराला भाड्याने दिलं होतं, आणि तेवढ्यानेच दोर्राच्या मनात पाल चुकचुकली. काकांचा त्या बागेवर फार दिवसांपासून डोळा होता. पुढे त्याच्यावर पाळत ठेवताना तिने दोघांना कॉफीच्या दुकानात बोलताना पाहिलं. ती दिसताच काका गप्प झाले, आणि मेहरेझने तिच्याकडे असं काही पाहिलं – रागाने? की वाईट वाटून? त्या नजरेचा अर्थ लावता लावता तिची झोप उडाली, म्हणून ती त्याच्यावर आणखीच चिडली.

शेवटी निमित्ताला खजूर भरलेल्या मक्रूदची ताटली घेऊन ती सरळ त्याच्या अंगणात शिरली. डाळिंबाच्या सावलीत कुंड्यांची रांग होती, आणि प्रत्येक कुंडीत तिचीच अतरशिया पालवली होती.

“चोर,” ती हळूच म्हणाली.

“चोर तर चोर.” त्याने मातीचे हात पुसले. “निदान जगवतोय. तुम्ही तर विकून मोकळ्या झालात.”

“काय विकून?”

“बाग. उन्हाळा सरला की इथे गाड्या उभ्या करायला फरशी घालणार, असं तुमचे काका म्हणाले. रोज हिला गोंजारते आणि तरी विकते... कसली बाई ही, असं वाटायचं मला.”

दोर्रा ओट्यावर बसली. तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं, हे तिच्या चेहऱ्यावरूनच मेहरेझला समजलं. त्याने माठातलं पाणी पुढे केलं. तिने आधी संशयाने पेला हुंगला, मग ती प्यायली. अशा वेळीही त्याला हसू आलं.

घरी तिने बाबांना विचारलं. त्यांनी चहाचा पेला खाली ठेवला. मग म्हणाले, शेदलीला आपणच होकार दिला होता. ती झुडपं फुलली की तिची आई समोर उभी राहते, बघवत नाही.

“तुम्ही बघू नका, बाबा. मी बघते ना.”

सकाळी बाबा स्वतः भावाकडे गेले आणि शब्द मागे घेऊन आले. काका महिनाभर बोलले नाहीत. बातमी फोडली म्हणून मेहरेझला मात्र घर सोडायला सांगितलं. तो समुद्राकडच्या गल्लीत राहायला गेला.

एका संध्याकाळी ऊन ओसरल्यावर तो कुंड्या घेऊन आला. जळक्या वाफ्यात दोघांनी मिळून रोपं लावली. माती दाबताना बोटांना बोटं लागली; पण कोणीच हात मागे घेतला नाही.

“तुम्ही अजून माझ्यावर पाळत ठेवता,” तो म्हणाला. “काल गल्लीच्या टोकाला कोण उभं होतं?”

“तुम्ही कुठे जाता, कोणाशी बोलता... कळायला नको?”

“कशाला?”

दोर्राने रोपाभोवतीची माती पुन्हा एकदा दाबली. गरज नव्हती तरी.

“शुक्रवारी तुमच्या आईला घेऊन या घरी. बाबा असतील.” ती थांबली. “आणि आईला आधी काही पढवून आणू नका. मी त्यांना वेगळं बसवून विचारणार आहे... तुम्ही खरे कसे आहात ते.”